दुकानाचं बिल कुणाच्या नावावर

मी इथं एरवी शिवणाबद्दल लिहिते. कटोरी ब्लाउजचा मुंढा ओढला का जातो, अस्तर आधी भिजवून का घ्यायचं, नेटच्या कापडाला सुई कुठली लावायची, असलं. आज एका चित्रपटाबद्दल लिहितेय. तो बघून आठ दिवस झाले, पण मशीनवर बसलं की त्यातली दुकानवाली बाई समोर येऊन उभी राहते.

चित्रपटाचं नाव 'विडोज'. इंग्रजी आहे, 2018 सालचा, दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन. मुलगी ऐरोलीला नोकरी करते, रविवारी तिला सुट्टी असते. ती म्हणाली, "आई, गुंडांचा पिक्चर आहे, पण बायकांचा आहे. बघतेस का?" खालची इंग्रजी अक्षरं मला भराभर वाचता येत नाहीत, म्हणून ती मधे मधे थांबवून सांगत होती. दोन तासांच्या चित्रपटाला आम्हाला साडेतीन तास लागले. गॅसवरची डाळ करपली तेव्हा एकदा उठलो, तेवढंच.

गुंडांचे चित्रपट मला नवे नाहीत. 'सत्या' 1998 साली आला, तेव्हा आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या एका खोलीत केबल नुकती आली होती. किती वेळा बघितला असेल त्याची मोजदाद नाही. लोकांना त्यातला भिकू म्हात्रे आठवतो. मनोज वाजपेयींनी केलाच आहे तसा. पण माझ्या लक्षात राहिली ती प्यारी, भिकूची बायको. शेफाली शाह. नवऱ्याला घाबरायचं नाही, तोडीस तोड भांडायचं आणि जीवही तेवढाच लावायचा. भिकूला गोळी लागते आणि गोष्ट सत्याच्या मागं जाते. मग सत्या विद्याच्या दारात जाऊन मरतो आणि चित्रपट संपतो. मला तेव्हापासून वाटत आलंय, दुसऱ्या दिवशी प्यारीच्या दारात कोण आलं असेल? भिकूनं कुणाकडून काय घेतलं होतं, कुणाला काय कबूल केलं होतं, हे तिला ठाऊक होतं का? घर कुणाच्या नावावर होतं?

'विडोज' तिथूनच सुरू होतो.

शिकागो शहर. चार दरोडेखोर एका दरोड्यात मरतात. पोलिसांच्या गोळीबारात गाडीचा स्फोट होतो, माणसं जातात आणि चोरलेले पैसेही जळून जातात. पैसे होते जमाल मॅनिंग नावाच्या माणसाचे. हा गुंडगिरीतून वर आलेला आणि आता नगरसेवकपदाची निवडणूक लढवणारा माणूस. आपल्याकडं वेगळं सांगायला नको. मयत झाल्यावर तो दरोडेखोरांच्या म्होरक्याच्या बायकोकडं येतो. व्हेरॉनिका तिचं नाव, व्हायोला डेव्हिसनं केलीय. तो तिला सांगतो, तुझ्या नवऱ्यानं माझे वीस लाख डॉलर नेले, एक महिना देतो, भर.

ती म्हणते, मला यातलं काही माहीत नाही. खरंच माहीत नसतं. ती शिक्षकांच्या संघटनेत काम करणारी बाई. तो आवाज चढवत नाही. तिचं एक छोटं पांढरं कुत्रं आहे, ते मानेला धरून उचलतो आणि हातात तसंच धरून बोलत राहतो.

तिथं मी मुलीला म्हटलं, थांबव.

माझी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आमचे मालक, म्हणजे मुलीचे बाबा, वाशीच्या घाऊक मार्केटला माथाडी होते, कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहायचे. गाव साताऱ्याकडचं, पाटण तालुक्यातलं. कोपरखैरणे, घणसोलीला ज्या घरात विचाराल त्या घरात कुणीतरी मार्केटला असतंच. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, 1969 साली माथाडीचा कायदा झाला, म्हणून आमच्या घरात महिन्याचा पगार आला, फंड आला, बोनस आला. नाहीतर दिवसभर पाठीवर गोण्या आणि संध्याकाळी मिळेल ती मजुरी, एवढंच होतं. हे मी अभिमानानं सांगते.

2015 च्या जून महिन्यात पहाटे कामाला निघताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. मुलगी अकरावीला जाणार होती.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गावाला परतले, आणि त्याच संध्याकाळी दोन माणसं आली. एकाला मी ओळखत होते, मार्केटच्या गेटबाहेर टपरीवर बसलेला असायचा. चपला बाहेर काढून आत आले, फोटोला हात जोडले. मी चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, दादांचा हिशेब राहिलाय."

किती, असं विचारलं तर म्हणाला, "अडीच लाख. घाई नाही आपल्याला."

बोलता बोलता दुसऱ्यानं खुर्ची माझ्या मशीनजवळ ओढली आणि मशीनचं चाक हातानं उलटं फिरवायला लागला. शिवणारी कुठलीही बाई सांगेल, चाक उलटं फिरवलं की दोरा बॉबीनकडं गुंततो, गाठी पडतात. मशीनवर शेजारच्या काकूंचं ब्लाउज अर्धं राहिलेलं होतं. तो फिरवत राहिला, टक्‌ टक्‌ टक्‌. मशीनकडं त्याची नजरही नव्हती. पहिला म्हणाला, "मशीन चांगली आहे. मोटरची आहे ना?"

एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. ते गेल्यावर मी बॉबीन काढायला बसले तर हात इतका कापत होता की दोरा कात्रीनं तोडावा लागला. म्हणून त्या कुत्र्याच्या प्रसंगाला मी थांबव म्हटलं. तो दृश्य लिहिणारा माणूस अशा एखाद्या घरात बसलेला असणार, असं मला वाटलं. पटकथा मॅक्वीन आणि गिलियन फ्लिन या लेखिकेची आहे, असं मुलीनं शोधून सांगितलं. मूळ गोष्ट लिंडा ला प्लांट या बाईची, 1983 साली इंग्लंडमध्ये टीव्हीवर मालिका म्हणून आली होती. म्हणजे आधी एका बाईनंच हा प्रश्न विचारला होता, आणि तोही 'सत्या'च्या पंधरा वर्षं आधी.

व्हेरॉनिकाला नवऱ्याची एक वही सापडते. त्यात त्यानं पुढच्या दरोड्याचा सगळा आराखडा लिहून ठेवलेला असतो, पन्नास लाख डॉलरचा. ती ठरवते, आपण हा दरोडा घालायचा, जमालचे पैसे त्याच्या तोंडावर मारायचे आणि उरलेले वाटून घ्यायचे. बाकीच्या मेलेल्यांच्या बायकांना ती बोलावून घेते.

मलाही डायरी सापडली होती. शर्टाच्या खिशात मावेल एवढी, कांद्याच्या सालींचा वास येणारी. त्यात "शे. 5", "मु. 2", "सो. 1500", असं पानन्‌ पान. पाच म्हणजे पाच हजार की पाचशे? दिले की घेतले? शे. म्हणजे शेठ की शेजारी? अठरा वर्षं संसार केला त्या माणसाचं अक्षर मला लागत होतं, हिशेब लागत नव्हता. एवढं कळलं की मुलीच्या दहावीच्या क्लासच्या वेळी आणि गावच्या घराचे पत्रे घातले तेव्हा त्यांनी ऐंशी हजार उचलले होते, शेकडा दहानं. वर्षाला नाही, महिन्याला. मला म्हणाले होते, माथाडींच्या टोळीनं उचल दिली. मी विश्वास ठेवला, कारण त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते. त्यांना मला काळजीत टाकायचं नव्हतं, हे मी आजही मानते. पण ती काळजी शेवटी आलीच, तीही तेराव्याच्या दिवशी, त्यांना विचारायची सोय उरली नाही तेव्हा.

चित्रपटात ही गोष्ट लिंडाच्या वाट्याला आलीय. मिशेल रॉड्रिग्जनं केलेली. लिंडाचं कपड्यांचं दुकान आहे. ती लॅटिन अमेरिकन घरातली; त्या लोकांत मुलगी पंधरा वर्षांची झाली की मोठा समारंभ करतात, त्यासाठीचे झगे ती विकते. दुकानाचा प्रसंग मी दोनदा बघितला, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा कपड्यांसाठी. रॅकवर गुलाबी, निळे, जांभळे झगे एकमेकांना चिकटून लटकलेले. आतल्या कडक जाळीच्या कॅनकॅनमुळं एकेक झगा हातभर जागा खाणारा. असा घेर काढायचा तर नेटचे किती थर लागतात, आतल्या शिवणीला पट्टी लावली नाही तर मुलीच्या कमरेला कसं टोचतं, हे मला माहीत आहे, साखरपुड्याचे घागरे मी शिवते. त्या रॅकवर वर्षभराची मेहनत टांगलेली होती. आणि एके दिवशी माणसं येतात आणि दुकान ताब्यात घेतात, कारण नवऱ्यानं जुगारात पैसे घालवलेले. तिला दुकानातच उभं राहून कळतं की दुकान तिचं नाही.

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा रडू नाही. ती आधी झग्यांकडं बघते. मला ते फार खरं वाटलं.

पुढं चित्रपट एका वाटेनं जातो आणि मी दुसऱ्या वाटेनं गेले, त्याबद्दल लिहिते. हे एखाद्या बाईच्या उपयोगी पडेल.

माझ्याकडं एक वकीलबाई ब्लाउज शिवायला यायच्या, अजूनही येतात. वाशीच्या कोर्टात असतात. त्यांना मी माप घेता घेता सांगितलं, सांगायचं नव्हतं पण तोंडातून गेलं. त्या तशाच हात वर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मशीनचं बिल आहे का?" होतं. मी बिलं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. मशीन मी माझ्या भिशीच्या पैशातून घेतली होती आणि दुकानदारानं बिलावर माझंच नाव घातलं होतं. त्या म्हणाल्या, मग ती मशीन तुमची, त्यांची नव्हतीच. आणि समजा त्यांची असती आणि उद्या कोर्टाची जप्ती आली असती, तरी कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. 1908 सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 60 मध्ये लिहिलंय. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीनं बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिनेही नाहीत. मी ऐकत राहिले. माझ्या घरातल्या वस्तूच त्या एकेक करून सांगत होत्या.

दुसरं त्यांनी सांगितलं ते असं. माणूस गेला तर त्याचं कर्ज वारसाकडं येतं, पण त्याच्याकडून वारसाला जे मिळालं तेवढ्यापुरतंच. त्याच्या पलीकडं वारसाच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. हे काही आजचं नाही, आपल्या मुंबई इलाख्यात 1866 सालीच असा कायदा झाला होता. त्यात असंही होतं की विधवेनं दुसरं लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्याच्या कर्जाला दुसरा नवरा, केवळ लग्न केलं म्हणून, जबाबदार नाही. हे ऐकून मी टेप खाली ठेवली. दीडशे वर्षांपूर्वी हा नियम लिहावा लागला, म्हणजे तेव्हाही तेराव्यानंतर माणसं येऊन बसत असणार, आणि पुन्हा लग्न करणाऱ्या बाईच्या मागोमाग तिच्या नव्या घरीही जात असणार.

आणि तिसरं, सावकारीचा कायदा. 2014 साली महाराष्ट्रात नवा आला. परवाना नसेल तर व्याजानं पैसे देण्याचा धंदा करता येत नाही, केला तर तुरुंग आहे. परवाना असला तरी व्याजाचा दर सरकार ठरवतं, पावती द्यावी लागते. आणि पैशासाठी दारात येऊन बसणं, मागं मागं फिरणं, धमकावणं, हाही त्यात गुन्हा आहे. वकीलबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी आले की फक्त एक विचारा. परवाना दाखवा."

सांगणं सोपं असतं. करायला गेलं की गुडघे लटपटतात. मी एकटी असते तर विचारलं नसतं.

आमची भिशी आहे, तेव्हा नऊ जणींची होती. त्यातल्या तिघी माझ्याबरोबर आल्या. एक डबे करणारी, एक बालवाडीत सेविका, एक मार्केटलाच पालेभाजी निवडायला जाणारी. चौघी सकाळी कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी धरली. घणसोली, रबाळे, ऐरोली, कुणी कुणाशी बोललं नाही. डबेवालीनं पिशवीतून थालीपीठ काढलं, तेही कुणी खाल्लं नाही. सावकारीची तक्रार घेणाऱ्या कचेरीत अर्ज दिला, डायरीतल्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. तिथल्या टेबलामागच्या माणसानं आम्हाला तीन खेपा घालायला लावल्या, पण चौथ्यांदा शिक्का मारून पोच दिली. ती पोच अजून त्याच डब्यात आहे.

दोघं पुन्हा आले तेव्हा त्या तिघी माझ्या खोलीत पलंगावर ओळीनं बसल्या होत्या. मी परवान्याचं विचारलं. माझा आवाज चिरका निघाला. पोच दाखवली. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, हे बरं केलं नाही." बालवाडीवाली म्हणाली, "बरं काय आणि वाईट काय, लिहून द्या ना." ते गेले. नंतर चार-पाच महिने रात्री मोटरसायकल दारावरून हळू जायची. मुलीला क्लासवरून आणायला मी स्वतः तीन टाकी नावाच्या नाक्यापर्यंत जायचे. मग तीही थांबली. मालकांच्या फंडाचे पैसे आले तेव्हा मूळ ऐंशी हजारांतले त्यांनी आधी फेडलेले सोडून राहिलेले मी वकीलबाईंसमोर मोजून दिले आणि सही घेतली. द्यायला नको होते असं काही जण म्हणतात. ते पैसे आमच्या घराला लागले होते, म्हणून दिले. व्याजाचा एक रुपया दिला नाही.

आता परत चित्रपटाकडं येते.

त्या चौघींची जमवाजमव मला सगळ्यात जवळची वाटली. एकत्र येतात ते प्रेमानं नाही, नाइलाजानं. व्हेरॉनिका पैशातली, पांढऱ्या शुभ्र घरात राहणारी, हुकूम सोडणारी. अॅलिस पोलिश घरातली, नवऱ्याचा मार खाल्लेली. तो मेल्यावर तिची आईच तिला सांगते, श्रीमंत पुरुषांबरोबर जा, पैसे मिळतील. त्या आईचा मला इतका राग आला की मी पाणी प्यायला उठले. एकदा व्हेरॉनिका अॅलिसच्या कानफटात मारते आणि अॅलिस तिला उलटी मारते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उलटं मारलं असणार तिनं. एलिझाबेथ डेबिकी खूप उंच आहे, पण सुरुवातीला खांदे पाडून चालते आणि हळूहळू सरळ होत जाते. कपडे शिवणाऱ्या माणसाला हे लगेच दिसतं. खांदे पाडून उभ्या असलेल्या बाईचं माप नेहमी चुकतं.

चौथी बेल, सिंथिया एरिव्हो. तिचा नवरा या टोळीत नव्हताच. ती केशभूषेचं काम करते, वर संध्याकाळी लिंडाची पोरं सांभाळते, आणि बस पकडायला धावते. तिच्या घरी तिची स्वतःची मुलगी. आमच्या भिशीतली डबेवाली थेट अशीच आहे. तीही माझ्याबरोबर आली ती तिचं काही अडलं होतं म्हणून नाही.

आणि ओझं. दरोड्याचे पैसे त्यांना पाठीवर वाहून न्यायचे असतात. माझ्या डोक्यात लगेच आकडा आला, आणि मी मुलीला विचारलं, डॉलरची एक नोट किती वजनाची? तिनं बघितलं, एक ग्रॅम. शंभराच्या नोटा धरल्या तर पन्नास लाखांच्या पन्नास हजार नोटा. पन्नास हजार ग्रॅम. पन्नास किलो.

पन्नास किलो! मार्केटला गोणी पन्नास किलोच्या वर भरू नये म्हणून माथाडी किती वर्षं भांडले. मालक सांगायचे, शंभराची गोणी पाठीवर घेतली की पहिली पाच पावलं डोळ्यांपुढं अंधार असतो, मग सवयीनं पाय पडतात. त्यांच्या मानेच्या मागं हाडावर गाठ आली होती, सुपारीएवढी. उन्हाळ्यात ती दुखायची, मी तेल लावायचे. हा हिशेब लागल्यावर पुढचा सगळा दरोडा मी पिस्तुलांकडं न बघता त्या बायकांच्या पाठीकडं बघत बघितला.

चित्रपटात मला कमी भावलं तेही लिहिते. राजकारणाचा भाग लांबला आहे. जमालविरुद्ध निवडणुकीला उभा असलेला जॅक मुलिगन आणि त्याचा बाप यांची भांडणं दोनदा झाली असती तर पुरलं असतं. पण त्यातलाच एक प्रसंग विसरता येणार नाही. हा जॅक, म्हणजे कॉलिन फॅरेल, एका पडक्या वस्तीत भाषण करून गाडीत बसतो. गाडीच्या आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येतं, पण कॅमेरा बाहेरच बॉनेटवर. मधे कुठं तोडलेलं नाही. रिकामे प्लॉट, बंद घरं, मग झाडं सुरू होतात, मग मोठे बंगले, आणि दोन-तीन मिनिटांत गाडी त्याच्या दारात. एकाच वॉर्डात. आमच्याकडं घणसोली गावातून पाम बीच रस्त्याच्या पैसेवाल्या वस्तीकडं रिक्षानं गेलात तर असंच दिसतं, तेवढ्याच वेळात. मी रोज बघते ते कुणीतरी शिकागोत बघितलं होतं.

व्हेरॉनिकाच्या नवऱ्याबद्दल पुढं एक गोष्ट कळते, ती सांगत नाही. एवढंच सांगते की मुलीला त्याचा धक्का बसला, मला नाही. मला जास्त लागलं ते व्हेरॉनिकाच्या मुलाचं. पोलिसांनी रस्त्यात अडवून गोळी घातलेला तरुण मुलगा. त्याचं दुःख तिनं आणि नवऱ्यानं एका घरात राहून वेगवेगळं केलं. तेवढ्या दोन-चार दृश्यांत व्हायोला डेव्हिस आवाज न काढता जे करते, त्यासाठी तरी हा चित्रपट बघा.

मुलीचं आणि माझं शेवटी वाजलं. ती म्हणाली, "त्या चोरीच करतात ना शेवटी." मी म्हटलं, करतात, आणि चोरी चुकीचीच. मी केली नसती. पण जमालला ते पैसे कुठून आले हे त्याला कुणी विचारत नाही, आणि बायकांना मात्र प्रत्येक जण येऊन विचारतो, पैसे कुठं आहेत. त्यांना वकीलबाई भेटली नाही, ठाण्याची गाडी नव्हती, शिक्का मारणारा माणूस नव्हता. त्यांच्याकडं एक वही होती. मुलगी गप्प बसली. मग म्हणाली, "बाबांची डायरी दाखव ना." तिनं ती कधी बघितली नव्हती. मी काढून दिली. ती बराच वेळ पानं उलटत होती आणि एका पानावर थांबली. "आई, इथं 'क्ला.' लिहिलंय. क्लास असेल." मी तो शब्द दहा वर्षं 'कला' वाचत होते आणि ही कला कोण, असं मनात धरून होते. कुणाला बोलले नव्हते.

परवा शनिवारी भिशी होती. आता आम्ही सहाच जणी उरलोय, दोघी गावाला गेल्या, एक वारली. चिठ्ठी काढून झाल्यावर मुलीनं टीव्हीवर तोच चित्रपट लावून दिला आणि मी माझ्या परीनं सांगत गेले. डबेवाली मधे मधे पेंगत होती, पहाटे चारला उठते ती. लिंडाच्या दुकानात माणसं शिरली तेव्हा मात्र ती ताडकन सरळ बसली. झगे, रॅक, आरसे, दारातली माणसं, सगळं एकदा नजर फिरवून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली,

"अगं, पण बिल कुठंय तिचं? डब्यात बघायला सांग की तिला."